मिलच्या आत्मचरित्रातील घरशाळा

मुलांकडून केवळ पाठांतर करून घेऊ नये, त्यांना विचार करावयास शिकवावे, हे आता सरकारी कागदांतही येऊन बसले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचाराचा उल्लेख वारंवार येतो. कागदावर उतरलेली गोष्ट वर्गाच्या फळ्यापर्यंत पोचण्यास किती टेबले ओलांडावी लागतात, हे आमच्यासारख्या कचेरीत दिवस काढणाऱ्यांस कोणी सांगावयास नको. दरम्यान काही आईबापांनी वाट पाहण्याचे सोडून दिले आहे. मुलांना शाळेत न घालता, किंवा घातलेली काढून घेऊन, ते घरीच शिकवितात. आणि त्यांतील बऱ्याच जणांच्या मनात गणिताच्या व भाषेच्या बरोबरीने तर्कशास्त्राचा एखादा लहानसा अभ्यासक्रम असतोच. अशा कुटुंबांच्या कपाटांत तर्कदोष ओळखावयास शिकविणारी इंग्रजी पुस्तके आम्ही पाहिली आहेत. पुस्तके वाईट नाहीत. परंतु ती वाचताना आम्हाला राहून राहून एका जुन्या ग्रंथाची आठवण होते. घरी शिकविलेल्या मुलाला तर्क शिकविला म्हणजे पुढे काय होते, याची हकीकत त्या मुलानेच मोठेपणी तटस्थपणे लिहून ठेवावी, असे क्वचित घडते. जॉन स्टुअर्ट मिल याचे १८७३ साली, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र हा असा ग्रंथ होय.

मराठी वाचकाला मिल परका नाही. आगरकरांच्या लेखनातून तो आपल्याकडे आला आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा कैवारी म्हणून ओळखीचा झाला. मात्र त्याचे आत्मचरित्र आपल्याकडे बहुधा एका चमत्काराची कथा म्हणून सांगितले जाते: तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, बाराव्या वर्षी ॲरिस्टॉटलचे तर्कशास्त्र, आणि विसाव्या वर्षी मनाचा ऱ्हास. पहिल्या तीन गोष्टींनी आईबापांचे डोळे दिपतात. चौथीने शेजाऱ्यांना समाधान वाटते. दोन्ही प्रकारचे वाचक पुस्तकाच्या मध्यावरील ज्या पानांकडे दुर्लक्ष करतात, त्या पानांसाठी आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रथम जेम्स मिल या बापाच्या पदरात जे माप पडावयास हवे ते टाकले पाहिजे. लेखनावर पोट भरणारा हा मनुष्य हिंदुस्थानचा इतिहास लिहीत असता, त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूस मुलगा ग्रीक शिकत बसे. ग्रीकचा इंग्रजी कोश त्या काळी नव्हता. म्हणून अडलेला प्रत्येक शब्द मुलगा बापाला विचारी, आणि स्वभावाने अत्यंत उतावळा असलेला तो बाप दर वेळी लेखणी थांबवून उत्तर देई. न्यूइंग्टन ग्रीन येथे राहत असता सकाळी न्याहारीपूर्वी दोघे हॉर्न्सेच्या रस्त्यांनी फिरावयास जात. आदल्या दिवशी वाचलेले मुलाने चिटोऱ्यांवर टिपून आणलेले असे, ते तो चालता चालता सांगे. या शिक्षणात घोकंपट्टी नव्हती. विचार करून जे सापडण्यासारखे आहे, ते मुलाचे प्रयत्न थकेपर्यंत सांगावयाचे नाही, हा बापाचा नियम होता. तेराव्या वर्षी अर्थशास्त्र आले तेही असेच: बापाने चालताना विवेचन करावे, मुलाने दुसऱ्या दिवशी ते लिहून आणावे, आणि स्पष्ट होईपर्यंत पुन:पुन्हा लिहावे.

तर्कशास्त्र बाराव्या वर्षी सुरू झाले. ॲरिस्टॉटल, त्याच्या जोडीला मध्ययुगीन परंपरेतील काही लॅटिन पुस्तके, मग हॉब्ज. बॅगशॉट हीथच्या माळावर फिरत असता बापाने मुलाला प्रथम विचारले की, या अनुमानशास्त्राचा उपयोग तरी काय असेल? त्याला उत्तर सुचेना, तेव्हा स्वत: समजावून सांगितले. ते समजावणे त्या वेळी नीट कळले नाही, असे मिल प्रांजळपणे लिहितो. पण ते मनात बीजासारखे राहिले आणि पुढच्या अनुभवाने त्याला अर्थ आला. आपल्या बुद्धीला जी काही धार आली ती या अभ्यासाने, सदोष युक्तिवाद उलगडून त्यातील दोष नेमका कोठे आहे हे दाखविण्याच्या सवयीने आली, असे त्याचे मत होते. तर्कशास्त्र लहानपणीच शिकवावे, कारण त्याला अनुभवाच्या शिदोरीची गरज फारशी लागत नाही, हे त्याचे म्हणणेही आजच्या घरशाळेच्या पुरस्कर्त्यांना सोयीचे वाटेल.

येथपर्यंत सारे ठीक आहे. परंतु या शिक्षणातील एक उणीव मिलनेच टिपून ठेवली आहे आणि ती आम्हाला फार मार्मिक वाटते. मोठ्याने वाचताना आवाजाचे चढउतार कसे असावेत याचे नियम बापाने बांधले होते. मुलाने चुकीचे वाचले की तो संतापे, नियम सांगे. पण वाक्य स्वत: वाचून कधी दाखवीत नसे. अमूर्त तत्त्व नुसते मांडले की ते कळलेच पाहिजे, त्याला मूर्त रूप देण्याचे कारण नाही, हा त्याच्या विचारपद्धतीतलाच दोष होता, असे मुलगा म्हणतो. आमच्याकडील नैयायिक येथे हसले असते. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी आहे, एवढे म्हणून त्यांचे भागत नाही. परार्थानुमानाच्या पाच अवयवांत ‘उदाहरण’ हा अवयव त्यांना हवाच असतो, आणि ते उदाहरण ठरलेले आहे: स्वयंपाकघर. चूल पेटलेली असताना धूर निघतो हे ज्याने घरात पुन:पुन्हा पाहिले आहे, त्यालाच डोंगरावरचा धूर काही सांगू शकतो. मोठेपणी मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात जे प्रतिपादन केले ते याच्याशी जुळते. हात पोळलेले मूल पुन्हा विस्तवाला हात लावीत नाही, ते सर्वसामान्य सिद्धान्त मनात म्हणून नव्हे; एका अनुभवावरून ते दुसऱ्याकडे जाते. जेम्स मिलच्या घरात डोंगर, धूर आणि अग्नी यथास्थित होते. नव्हते ते स्वयंपाकघर. हे आम्ही केवळ अलंकाराने म्हणत नाही. नऊ मुलांच्या त्या घरातील आई या आत्मचरित्रात जवळजवळ दिसतच नाही. तिच्याविषयी पुढे एक गोष्ट सांगावयाची आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घरी आलेल्या पाहुण्यांना हा मुलगा कसा वाटे? त्यांना तो उद्धट आणि वादखोर वाटे. वयाबाहेरच्या विषयांवर बोलण्यास त्याला उत्तेजन मिळालेले होते, आणि वडील माणसांचे म्हणणे तो बिनदिक्कत खोडून काढी. बापाने ही खोड मोडली का नाही? मिलचे उत्तर असे की, बापाला ती ठाऊकच नव्हती. कारण बापासमोर मुलगा नेहमी दबून, अगदी गप्प असे. संपूर्ण ग्रंथात घरशाळेतील तर्कशिक्षणाविषयी याहून महत्त्वाचे वाक्य आम्हाला आढळले नाही. दोष शोधण्याचे जे शस्त्र बापाने हाती दिले, ते जगातील प्रत्येकावर चालत होते. ज्याने ते दिले त्याच्यावर मात्र चालत नव्हते.

तेराव्या वर्षाच्या सुमाराचा एक प्रसंग आहे. मुलगा बोलता बोलता म्हणाला की, अमुक गोष्ट सिद्धान्त म्हणून खरी, पण व्यवहारात तिला मुरड घालावी लागते. बाप भडकला. सिद्धान्त म्हणजे काय, याची व्याख्या त्याने करावयास लावली. ती जमली नाही, तेव्हा या लोकप्रिय वाक्प्रचारातील तर्कदोष उलगडून दाखविला, आणि मुलाला आपल्या अज्ञानाला जगात तोड नाही अशी खात्री पटवून सोडून दिले. बाप रागावला एवढेच त्याचे चुकले, असे मिल नंतर म्हणतो. ज्याच्याकडून अशक्य ते कधी मागितलेच जात नाही तो विद्यार्थी शक्य तेवढेही करीत नाही, असे समर्थनही देतो. समर्थन उदार आहे, पण आम्हाला पुरेसे वाटत नाही. प्रश्न रागाचा नाही. त्या व्याख्येवर उलट प्रश्न विचारण्याची सोय त्या मुलाला होती काय, हा प्रश्न आहे.

आपल्या घरांत तरी ती कोठे असते? आपल्या भाषेकडेच पाहा. न्यायशास्त्रात ‘वाद’ हा अत्यंत प्रतिष्ठित शब्द आहे: सत्य कळावे म्हणून प्रमाणांच्या आधाराने केलेली चर्चा तो वाद, जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वत:चा पक्षच न मांडता दुसऱ्याचा नुसता पाडावयाचा ती वितंडा. या तिघांतील वितंडा आम्ही मराठीत अर्थासह जशीच्या तशी ठेवून घेतली. जल्प जवळजवळ विसरलो. आणि वाद? ‘वाद घालू नकोस’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. ‘तर्क’ म्हणजे घरगुती बोलण्यात अंदाज. आणि त्याच शब्दातून निघालेले ‘तर्कट’ ही तर शिवीच. ‘उलट बोलणे’ या शब्दप्रयोगात प्रत्युत्तर आणि उर्मटपणा हे दोन वेगळे पदार्थ आम्ही एकाच बरणीत भरून ठेवले आहेत.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात मुलीला घरीच शिकवितात. मुलगी अकरा वर्षांची, चुणचुणीत. तर्कदोषांची यादी तिला पाठ आहे. वर्तमानपत्रातील एका जाहिरातीत ‘सगळेच वापरतात, म्हणून चांगले’ हा दोष तिने आमच्यादेखत हेरला आणि वडिलांनी कौतुकाने आमच्याकडे पाहिले. अर्ध्या तासाने कोठल्याशा लग्नाला जावयाचे की नाही यावर बोलणे निघाले असता वडील म्हणाले की, सगळेच जाणार आहेत, तेव्हा गेलेच पाहिजे. मुलीने तोच दोष पुन्हा हेरला. या वेळी तिला ‘शहाणपणा पुरे’ असे उत्तर मिळाले. वडील सज्जन आहेत आणि मुलीसाठी खस्ता काढीत आहेत. त्यांना हसण्याचा आमचा हेतू नाही. शिवाय सगळे आप्त जमणार असताना आपण न जाणे बरे दिसत नाही, हे कारण जाहिरातीतल्यासारखे पोकळही नाही. ते त्यांनी सांगितले असते तर एक उत्तम धडा झाला असता. कारण दोषांची यादी जे शिकवीत नाही ते त्यात होते: एकच वाक्य एका जागी दोष असते आणि दुसऱ्या जागी अर्धवट बोललेले वाजवी कारण असते.

असल्या परिस्थितीवर जुन्या न्यायसूत्रांत एक तोड सुचविलेली आहे. वाद कोणाबरोबर करावा हे सांगताना तेथे जी यादी दिली आहे तीत शिष्य आहे, गुरू आहे, आणि त्यांच्याच ओळीत ‘सब्रह्मचारी’ आहे, म्हणजे त्याच गुरूपाशी शिकणारा बरोबरीचा सोबती. ही सर्व माणसे मत्सररहित असावीत अशीही अट आहे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ बालकांना सुखाने बोध व्हावा म्हणून रचलेला, आणि तो पुढे शतकानुशतके पाठशाळांतून शिकविला गेला. त्यातील ‘बाल’ म्हणजे व्याकरण, काव्य, कोश शिकलेला पण न्याय न शिकलेला विद्यार्थी, असा खुलासा टीकाकार करतात. हा बाल पाठशाळेत एकटा नसे. घरशाळेत गुरू आहे, बहुधा पगारी शिक्षकाहून अधिक कळकळीचा, शिष्य आहे, सब्रह्मचारी नाही. मिलच्या घरी आठ धाकटी भावंडे होती, हे खरे. पण बापाने त्यांना शिकविण्याचे काम आठव्या वर्षापासून या थोरल्यावर टाकले आणि त्यांच्या धड्यांबद्दल त्यालाच जबाबदार धरले. त्यामुळे भावंडे शिष्य झाली. गुरुशिष्याचे असे नाते दोघांच्याही स्वभावाला हितकर नसते, असे मिलने स्वच्छ लिहिले आहे. इतर मुलांची संगत बापाने बुद्ध्याच टाळली होती; गावंढळ विचारांचा संसर्ग होईल ही त्याची भीती.

मग हा मुलगा स्वतंत्र विचार करू लागला तो केव्हा? येथे ती मध्यावरची पाने येतात. १८२३ साली, सतराव्या वर्षी, मिल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. तोही वडिलांच्याच खात्यात, वडिलांच्या हाताखाली. (पस्तीस वर्षे त्याने ही नोकरी केली. फायली हाताळता हाताळता तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिणारा कारकून म्हणून त्याच्याविषयी आम्हाला वाटणारा आपलेपणा वाचकांनी क्षम्य मानावा.) दोन वर्षांनी त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक अभ्यासमंडळ सुरू केले. थ्रेडनीडल स्ट्रीटवरील ग्रोट यांच्या घरी एक खोली मिळाली. दहाबारा तरुण आठवड्यातून दोन दिवस सकाळी साडेआठपासून दहापर्यंत जमत. दहाला बहुतेकांना आपापल्या कामावर जावयाचे असे. एकाने पुस्तकातील प्रकरण मोठ्याने वाचावे. ज्याला शंका असेल त्याने ती मांडावी. आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकाचे स्वत:च्या निष्कर्षापुरते समाधान होईपर्यंत लहानमोठा कोणताही मुद्दा सोडावयाचा नाही, हा नियम. कधी कधी एका मुद्द्यावर कित्येक आठवडे जात. मधल्या दिवसांत प्रत्येक जण त्यावर विचार करी आणि नव्या अडचणींवर नवे तोडगे घेऊन येई.

या मंडळाने पहिले पुस्तक कोणते घेतले? जेम्स मिलचे अर्थशास्त्र. चालता चालता बापाने सांगितलेले आणि मुलाने लिहून आणलेले जे विवेचन, त्याच्याच टिपणांच्या आधारे ते पुस्तक तयार झाले होते. बापासमोर ज्या विवेचनावर मुलगा गप्प राहिला, ते आता बरोबरीच्या दहाबारा जणांसमोर वाक्यावाक्याने उलगडले जाऊ लागले. पुढे रिकार्डो आला; त्यानंतर तर्कशास्त्र. एक जुने पाठ्यपुस्तक असमाधानकारक वाटले तेव्हा या मंडळींनी सतराव्या शतकातले एक लॅटिन पुस्तक शोधून स्वखर्चाने पुन्हा छापून घेतले; मग व्हेटलीचा, मग हॉब्जचा तर्क. १८४३ च्या महाग्रंथाची मुळे या सकाळच्या बैठकांत आहेत. आणि आपण स्वतंत्र बुद्धीचे विचारक म्हणून खरोखर जन्मास आलो ते या संभाषणांतून, असे मिल नि:संदिग्धपणे म्हणतो. बॅगशॉटच्या माळाला तो हा मान देत नाही. थ्रेडनीडल स्ट्रीटवरील खोलीला देतो.

या विधानाचे वजन लक्षात घेतले पाहिजे. घरच्या शिक्षणाने आपल्याला समवयस्कांपेक्षा पंचवीस वर्षांची आघाडी मिळाली, असे म्हणणारा हाच मनुष्य आहे. तो कृतघ्न नाही. त्याच्या लेखी घरच्या शिक्षणाने अवजारे दिली आणि ती उत्तम दिली. ती आपली झाली ती मात्र दुसरीकडे. १८२६ च्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्याला जी प्रसिद्ध मनोविकलता आली, तिचे कारण बरेच जण ‘अति तर्क’ असे सांगून मोकळे होतात. मिलचे स्वत:चे म्हणणे अधिक सूक्ष्म आहे: पृथक्करणाच्या सवयीने भावनांची मुळे कुरतडली जातात, जर तिच्या जोडीला दुसरे काही पोसलेले नसेल तर. त्या जोडीच्या अभावाला तो दोष देतो. तर्काला देत नाही. कवितेकडे, वर्ड्स्वर्थकडे तो वळला, आणि तर्कशास्त्रही त्याने सोडले नाही. सकाळच्या बैठका त्या काळोख्या दिवसांनंतरही चालू राहिल्या.

ग्रंथ म्हणूनही या आत्मचरित्राचा विचार याच अंगाने केला पाहिजे. त्याची शैली रूक्ष आहे, प्रसंग रंगविण्याची हौस लेखकाला नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि तो बराचसा खरा आहे. पण त्या रूक्षपणाखाली काय चालले आहे? सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांचा मुलगा, बाप वारून सतरा-अठरा वर्षे झाल्यावर, बापाने दिलेल्या अवजारांनी बापाचे परीक्षण करीत आहे. प्रत्येक गुणाला पुरावा, प्रत्येक दोषाला मर्यादा. जे बारा वर्षांच्या मुलाला बोलता आले नाही ते येथे बोलले जाते. एका अर्थी हा सारा ग्रंथ म्हणजे फार उशिरा दिलेले उलट उत्तर आहे, आणि त्यात उर्मटपणाचा लवलेश नाही.

ते उत्तरही एका दमात दिले गेले नाही. या ग्रंथाचा आरंभीचा मसुदा १९६१ साली जॅक स्टिलिंजर यांनी संपादून प्रसिद्ध केला. छापील आत्मचरित्रात नसलेले बरेच काही त्यात आहे. बापाविषयीचे शब्द अधिक कडवट आहेत. आपण प्रेमाच्या अभावी आणि भीतीच्या छायेत वाढलो अशा आशयाची कबुली आहे. आणि आई आहे. आईविषयीचा मजकूर आहे, पण तो मायेचा नाही. तिच्या अंगी खरी ऊब असती तर घर वेगळे झाले असते, असा त्याचा सूर. पत्नी हॅरिएट हिच्या सूचना आणि स्वत:चा पुनर्विचार यांतून यातले बरेचसे गळाले किंवा सौम्य झाले. बापाबाबतीत ही काटछाट आम्हाला योग्य वाटते. अंतिम पाठातील निवाडा, म्हणजे मुलांशी वागताना त्याच्यात कोमलतेची उणीव होती आणि ती लपविण्याची इंग्रजी रीतही तिला कारण होती, हा अधिक समतोल आहे. आईबाबतीत मात्र नाही. तिच्यावरील आरोप काढला हे ठीक. पण त्याबरोबर तीच पुसली गेली. नऊ मुले वाढविणाऱ्या बाईची साक्षच ज्या खटल्यात घेतली गेली नाही, त्याचा निकाल कितीही तर्कशुद्ध असला तरी एकतर्फी होय. घरशाळेवरील आजच्या पुस्तकांतही वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि पुस्तकांच्या याद्या असतात. हे सारे बहुतेक घरांत जिच्यावर पडते तिचा दिवस कसा जातो, हे क्वचित असते.

अमेरिकेतील घरशाळांत तर्कशिक्षणाचा जो प्रसार झाला त्याच्या मुळाशी डोरोथी सेअर्स या रहस्यकथालेखिकेचे १९४७ साली ऑक्सफर्ड येथे वाचलेले एक भाषण आहे. मुलाला उलट बोलण्याची, मोठ्यांना पकडण्याची हौस वाटू लागते ते वय तर्कशास्त्राला योग्य, कारण ते मूल वाद घालणारच आहे, तर निदान नीट घालू दे, हा तिचा विनोदी पण शहाणा विचार. १९९९ साली निघालेल्या जेसी वाइज आणि सूझन वाइज बाउअर या मायलेकींच्या पुस्तकाने तो घरोघर पोचविला. परंतु सेअर्सच्या डोळ्यांपुढे मुलामुलींची एक लहानशी शाळा होती, आणि त्या मुलांचे आईबाप विशेष आज्ञाधारक असावेत अशी तिने थट्टेने अट घातली होती. घरशाळेने तिची वयोमर्यादा उचलली. शाळा गेली, आणि आज्ञाधारक आईबापांची अटही बहुधा वाटेत गळाली. या बाबतीत लुइस कॅरोल अधिक सावध ठरतो. बारा वर्षांपर्यंत तो स्वत: घरीच शिकलेला. १८८६ च्या त्याच्या तर्कखेळाला चार एका रंगाच्या व पाच दुसऱ्या रंगाच्या सोंगट्या लागतात, आणि निदान एक खेळाडू. पण दोघे मिळून खेळले व एकमेकांच्या चुका दुरुस्त केल्या तर मौज बरीच वाढते, असे तो सांगून ठेवतो. तेवढेच वाक्य घरशाळेच्या भिंतीवर लावण्यासारखे आहे.

शाळेत घातले की सब्रह्मचारी मिळतो असे मात्र आम्ही म्हणत नाही. साठ मुलांच्या वर्गात, परीक्षेच्या धाकाखाली, बरोबरीचा सोबती हा बहुधा स्पर्धक असतो; मत्सररहित असावे ही न्यायसूत्रांची अट तेथेच मोडते. टिळक आणि आगरकर यांनी डेक्कन कॉलेजात रात्री रात्री जे वाद केले ते कोणत्या तासिकेत बसविलेले नव्हते. आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र काढलेल्या एकशे एक दिवसांतही ते थांबले नाहीत. पुढे दोघांचे फाटले, तरीही त्या रात्री वाया गेल्या असे कोण म्हणेल?

परप्रांतात राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांना घरशाळा ही काही नवलाची गोष्ट नाही. मुलाची शाळा हिंदी असो की इंग्रजी, त्याचे मराठी तर घरीच शिकवावे लागते, आणि आईबापांखेरीज ते कोणाशी बोलावयाचे हा प्रश्न दर बदलीबरोबर नव्याने उभा राहतो. आईबापांशीच बोलली जाणारी भाषा विनयाची होते, ‘अहो-जाहो’ची होते, तीत भांडता येत नाही. अशा गावी महाराष्ट्र मंडळाची एखादी खोली आणि रविवारच्या सकाळचा दीड तास मिळण्यासारखा असतो. आठदहा मुले, एक पुस्तक, एकाने वाचावे आणि अडेल त्याने थांबवावे. आईबापांनी बाहेर व्हरांड्यात चहा घ्यावा. पुस्तक मराठीच असावे, आणि पहिल्या खेपेस एखाद्या सभासदाने लिहिलेले असल्यास उत्तम, म्हणजे जेम्स मिलच्या पंक्तीला बसण्याचा योग त्याला येईल.

मिलच्या आत्मचरित्राची पहिली चार प्रकरणे तरी अशा मुलांच्या हाती मराठीत पडावीत असे आम्हाला वाटते. अनुवादकाला थ्रेडनीडल स्ट्रीटवरच्या बैठकांपाशी एक शब्द अडवील. तेथे जे चालत असे त्याला ‘चर्चा’ म्हणावे तर ते अगदीच सभेतल्यासारखे थंड होते; ‘वाद’ म्हणावे तर घरातल्या रागाचा वास येतो. आमचे मत ‘वाद’ या शब्दाला आहे.